'द्वेषभाषण' हा शब्द पुरेसा आहे का?

प्रश्न

'हेट स्पीच' या संज्ञेसाठी द्वेषपूर्ण भाषण, द्वेषमूलक वक्तव्य, प्रक्षोभक भाषण, चिथावणीखोर वक्तव्य असे निरनिराळे शब्द वाचायला मिळतात आणि ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील एका लेखाचे भाषांतर करताना मी 'द्वेषभाषण' हा शब्द योजला. परंतु लेख पुढे सरकला तसा तो कुठे अपुरा, तर कुठे फाजील वाटू लागला. यांपैकी नेमका शब्द कोणता मानावा?

प्रतिसाद

अडचण 'भाषण' या शब्दात आहेच, पण त्याहून अधिक ती समासात आहे.

मराठीत 'भाषण' म्हटले की व्यासपीठ, वक्ता आणि श्रोते डोळ्यांसमोर येतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०१९ च्या यासंबंधीच्या धोरणात मात्र बोलणे, लेखन आणि वर्तन या तिन्हींचा समावेश आहे. म्हणजे भिंतीवर रंगवलेले चिन्ह, एखादे चित्र किंवा पुढे पाठवलेला संदेशही त्यात येऊ शकतो. 'वक्तव्य' हा शब्द थोडा मोकळा असला, तरी चित्राला वक्तव्य म्हणवत नाही.

आता समास पाहा. 'द्वेषभाषण' याचा विग्रह 'द्वेषाने केलेले भाषण' असा केला तर तो तृतीया तत्पुरुष होतो, आणि 'द्वेषासाठी, म्हणजे द्वेष पसरावा म्हणून, केलेले भाषण' असा केला तर चतुर्थी. पहिल्या विग्रहात वक्त्याच्या मनातील विकाराला महत्त्व येते, तर दुसऱ्यात त्या बोलण्याच्या रोखाला. कायद्याने माणसाच्या मनातील विकाराची झडती घेऊ नये, असे मला ठामपणे वाटते. नागरी आणि राजकीय हक्कांविषयीच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारातील अनुच्छेद २० सुद्धा केवळ द्वेष व्यक्त करण्याला मनाई करत नाही. राष्ट्र, वंश किंवा धर्म यांवरून द्वेषाचा असा पुरस्कार, की जो भेदभाव, वैर किंवा हिंसा यांना चिथावणी ठरेल, त्याला कायद्याने मनाई असावी, असे तो म्हणतो. या वाक्याचा सगळा भार 'चिथावणी' या शब्दावर आहे.

'प्रक्षोभक' हा शब्द येथे समानार्थी म्हणून येतो, तो मला चुकीचा वाटतो. क्षोभ अन्यायाविरुद्धही होतो आणि तो जागवणारे भाषण कोणत्याही समूहाचा द्वेष न करता प्रक्षोभक असू शकते.

याहून अधिक गोंधळ 'भावना दुखावणारे' या शब्दप्रयोगाने केला आहे. या शब्दप्रयोगाने मोजमापच बदलते: समूहाच्या सुरक्षिततेला किंवा समान स्थानाला धोका निर्माण झाला का, हा प्रश्न मागे पडतो आणि ऐकणाऱ्याला किती वाईट वाटले, एवढाच उरतो. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेतील कलम २९५ अ १९२७ मध्ये आले; १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, ते त्यात बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केलेल्या अपमानाची अट आहे याकडे लक्ष वेधूनच. रोजच्या मराठीत मात्र ही अट गळून पडते आणि 'दुखावणे' तेवढे शिल्लक राहते. सैल शब्दांचा धोका २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यातही दिसला. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ मध्ये त्रास, गैरसोय यांसारखे अस्पष्ट शब्द होते, आणि ते कलम न्यायालयाने रद्द केले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या त्याच निकालात वेगळ्या केल्या आहेत. केवळ चर्चा किंवा पुरस्कार, तो कितीही अप्रिय असला तरी, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या गाभ्यात येतो आणि निर्बंधाचा प्रश्न चिथावणीपाशी उभा राहतो.

म्हणून व्यापक अर्थासाठी 'द्वेषोक्ती' आणि दंडनीय कृत्यासाठी 'विद्वेषी चिथावणी' असे दोन शब्द ठेवावेत, असे मी सुचवतो.

प्रतिसाद

'द्वेषोक्ती' हा शब्द वक्रोक्ती, अन्योक्ती यांच्या पंगतीत बसतो आणि त्यामुळे एखाद्या अलंकाराचे नाव वाटतो. दुसरी शंका अधिक गंभीर आहे. रोज थोडी थोडी हेटाळणी करून एखाद्या समूहाला गप्प बसवता येते आणि त्यात चिथावणीचे एकही वाक्य नसते. गप्प बसलेल्या माणसाचेही अभिव्यक्तिस्वातंत्र्य गेलेलेच असते. सर्व वजन 'चिथावणी'वर टाकले, तर या हानीला नाव कोण देणार?

प्रतिसाद

शंका रास्त आहे आणि व्यापक शब्द हवा तो त्यासाठीच. द्वेषाच्या चिथावणीविषयीच्या, संयुक्त राष्ट्रांच्या २०१२ च्या राबात कृती आराखड्यात तीन प्रकार मानले आहेत: फौजदारी गुन्हा ठरणारी अभिव्यक्ती, दिवाणी दावा किंवा प्रशासकीय कारवाई योग्य ठरू शकेल अशी अभिव्यक्ती, आणि यांपैकी काहीच लागू नसले तरी सहिष्णुता व परस्पर आदर यांच्या दृष्टीने चिंताजनक अशी अभिव्यक्ती. पहिल्या प्रकारासाठी संदर्भ, वक्त्याचे स्थान, हेतू, आशय व मांडणी, प्रसाराचा आवाका आणि हानीची शक्यता व निकटता, अशा सहा कसोट्या लावायच्या आहेत. आपण सांगता ती हेटाळणी बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारात येईल. तिला नाव द्यावे, तिचा प्रतिवाद करावा, मात्र तुरुंगाची भाषा तिथे आणू नये. याच कारणाने 'नियमन' आणि 'बंदी' हे शब्दही एकमेकांच्या जागी वापरू नयेत. संविधानाच्या अनुच्छेद १९(२) मध्ये 'निर्बंध' या शब्दामागे 'वाजवी' हे विशेषण १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने आले, आणि निर्बंध वाजवी आहे की नाही हे न्यायालय तपासू शकते ते त्या एका विशेषणामुळे.

'द्वेषोक्ती' अलंकारासारखी वाटते हे मान्य आहे. 'विद्वेषी अभिव्यक्ती' चालेल, फक्त लांब आहे.

मूळ प्रश्नकर्ती

शिक्षेविषयीच्या परिच्छेदांत 'विद्वेषी चिथावणी' आणि शिक्षण व प्रतिवाद यांविषयीच्या भागात 'विद्वेषी अभिव्यक्ती' असा बदल केला आहे. 'प्रक्षोभक' एकाच ठिकाणी ठेवला, कारण तिथे लेखक अन्यायाविरुद्धच्या भाषणाचे समर्थन करतो.