मदत हवी आहे: सीलबंद बॅटरीतलं पाणी आटतंय का?

नमस्कार मंडळी. बाबांच्या ऑक्सिजन काँसन्ट्रेटरसाठी इन्व्हर्टरला १२ व्होल्टची सीलबंद एजीएम (आम्ल काचतंतूंच्या मॅटमध्ये शोषलेलं असणारी) बॅटरी लावली आहे. आमच्या अकोल्यात उन्हाळ्यात लाईट गेली की तिच्यावरच सगळी भिस्त. दीड वर्षातच तिचा बॅकअप निम्म्यावर आलाय.

वाचून समजलं ते असं: चार्जिंगच्या शेवटी धन प्लेटवर ऑक्सिजन सुटतो. काचतंतूंच्या मॅटमध्ये आम्ल मुद्दाम काठोकाठ भरलेलं नसतं, त्यामुळे तो वायू मोकळ्या जागेतून ऋण प्लेटपर्यंत जातो आणि तिथे शिशाशी, आम्लाशी संयोग होऊन पुन्हा पाणी बनतं. त्यामुळे ऋण प्लेटवर हायड्रोजनही फारसा सुटत नाही. मला तर ही रचना फार सुंदर वाटली! पण व्होल्टेज जास्त असेल तर वायू जिरण्यापेक्षा वेगाने तयार होतो, दाब वाढून व्हॉल्व्ह उघडतो आणि गेलेलं पाणी परत येत नाही.

मीटरवर पाहिलं, तर बॅटरी फुल झाल्यावरही रात्रभर १४.२ व्होल्ट. इन्व्हर्टर ट्यूब्युलर (वरून पाणी घालावं लागणाऱ्या) बॅटरीसाठीच सेट केलेला दिसतो. २५ अंशांना फ्लोट (फुल झाल्यावर चार्ज टिकवणारं व्होल्टेज) साधारण १३.५ ते १३.८ हवं ना? आमच्या खोलीत मे महिन्यात ४० अंश असतात. दर अंशाला १८ मिलिव्होल्ट कमी धरले तर १३.३ च्या आसपास ठेवू का?

दुसरं, मेकॅनिक म्हणतो वरची पट्टी काढून डिस्टिल्ड वॉटर घालू. कोणी केलंय का? व्हॉल्व्ह खराब होण्याची मला भीती वाटते. बाबांचा प्रश्न आहे, कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा.