रवाल चालीच्या घोडीचे शिक्षण: कुणाकडे द्यावे आणि काय टाळावे?

पांदणवाट (दारव्हा, जि. यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. माझ्या काकांनी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून मारवाडी वाणाची एक घोडी आणली असून तिचे वय साधारण अडीच वर्षे आहे. मोकळी सोडली की ती पांदणीने आपणहून रवाल, म्हणजे स्वाराला हिसका न देणारी सपाट चाल, चालते. तिला अश्वप्रदर्शनात उतरवावे, पुढे सारंगखेड्याच्या घोडेबाजारालाही न्यावे, अशी घरच्यांची इच्छा आहे. आमच्या भागातील एका चाबूकस्वाराने (घोडे शिकवणाऱ्याने) तिला शिकवण्याची तयारी दाखवली आहे. मात्र त्यासाठी पुढच्या पायांत जड साखळ्या घालाव्या लागतील, काटेरी लगाम लागेल आणि रोज दोन खांबांच्या मध्ये बांधून काठीच्या धाकाने पाय उचलायला लावावे लागतील, असे त्याचे म्हणणे आहे. मला हे पटत नाही, पण काकांपुढे नकाराचे ठोस कारण ठेवता आले पाहिजे. घोडीला आताच खोगीर घालावे का, शिकवणाऱ्याची पारख कशी करावी आणि वैरणीत हिरवी ज्वारी चालेल का, यावर जाणकारांनी सल्ला द्यावा, ही विनंती.

पशुवैद्य_मोर्णाकाठ (अकोला)

भाऊ, आधी चालीविषयी लिहितो, कारण चाल नीट समजली की साखळीचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. साध्या कदमचालीत चारही पावले वेगवेगळी पडतात: डावे मागचे, डावे पुढचे, उजवे मागचे, उजवे पुढचे. दुडकीत, म्हणजे हलक्या धावेत, तिरप्या पायांची जोडी (एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा) एकदम पडते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर चारही खूर जमिनीवेगळे असतात. ही गोष्ट साध्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून 1878 साली एडवर्ड मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियात धावत्या घोड्यांची ओळीने छायाचित्रे घेईपर्यंत तिच्यावर वाद चालूच होते. रवाल चालीत मात्र एका बाजूचे मागचे आणि पुढचे पाऊल किंचित अंतराने लागोपाठ पडते, शरीर हवेत उसळत नाही आणि म्हणूनच स्वाराला हिसका बसत नाही. तुमच्या मोबाइलमध्ये संथ गतीचे चित्रण करण्याची सोय असेल, तर घोडी मोकळी असताना बाजूने चित्रण करून पावलांचा क्रम स्वतः मोजा.

ही चाल मुख्यतः रक्तातून येते. आइसलँडच्या घोड्यांसारख्या खास चालीच्या अनेक वाणांमध्ये डीएमआरटी3 या जनुकात एक बदल असतो, असे 2012 मध्ये सिद्ध झाले. जी चाल घोडी उपजत घेऊन आली आहे, ती पक्की करण्यासाठी तोल, दमसास आणि पाठीची ताकद वाढवावी लागते. वेदनेने यांपैकी काहीही वाढत नाही. वेदनेने फक्त पाय झटकन उचलला जातो, आणि पाहणाऱ्याला तो रुबाब वाटतो.

वयाबद्दल स्पष्टच सांगतो: आता स्वार बसवू नका. अडीच वर्षांच्या घोडीच्या गुडघ्यावरच्या हाडाची वाढ जेमतेम पुरी होत असते आणि पाठीच्या मणक्यांची वाढ तर पाच वर्षांच्या पुढेपर्यंत चालते. याच वयात समोरचे दुधाचे दात पडतात, दाढांचेही पडू लागतात, त्यामुळे तोंड दुखरे असते. पहिल्या दाढेपुढे बारीक दात असेल आणि त्यावर लगामाची दांडी आपटत असेल, तर घोडी मान झटकते आणि लोक तिला अडेल ठरवतात. लगाम घालण्याआधी तोंड तपासून घ्या.

पैनगंगेचा_स्वार (जि. वाशिम)

डॉक्टरसाहेबांच्या लिहिण्याला माझी पूर्ण सहमती आहे. चाबूकस्वाराची पारख त्याच्या बोलण्यावरून करू नये, त्याच्या हाताखालच्या घोड्यांवरून करावी. त्याच्या तबेल्यात न सांगता जावे. घोड्यांच्या खुरांच्या लगेच वरची कातडी बोटांनी चाचपून पाहावी. तिथे केस गेलेले असतील, वण असतील किंवा हात लागताच घोडा पाय ओढून घेत असेल, तर तिथून परत फिरावे. ओठांचे कोपरे आणि जीभ पाहावी. मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारा) जवळ आला की घोडा कान मागे टाकून कोपऱ्यात सरकतो की मान पुढे करतो, एवढ्यावरूनही त्या घराची रीत कळते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याने शिकवलेला एखादा घोडा साध्या गुळगुळीत लगामावर, लगाम ढिला सोडून आणि पायांत काहीही न बांधता चालवून दाखवायला सांगावे. चाल टिकली तर ती घोड्याची आहे. टिकली नाही तर ती साखळीची होती.

काकांना दाखवण्यासाठी कायद्याचा आधारही आहे. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसाठी केंद्राने 1965 साली केलेल्या नियमांनुसार, जनावर हाकताना किंवा त्यावर स्वारी करताना काटेरी लगाम अथवा टोचणारे साहित्य वापरण्यास मनाई आहे, आणि त्यामागे 1960 चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्या कायद्यातील दंडाची रक्कम आज फारच किरकोळ वाटते, हे मला मनापासून खटकते. पण मनाई ती मनाईच.

पांदणवाट

दोघांचेही आभार. काकांचा आक्षेप असा आहे की प्रदर्शनात पाय उंच उचलणाऱ्या घोड्याकडेच सर्वांचे लक्ष जाते. साध्या चालीच्या घोडीला कोण विचारणार?

पैनगंगेचा_स्वार

काकांचा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. अमेरिकेतील टेनेसी वॉकिंग हॉर्स या वाणाचे काय झाले, ते त्यांना अवश्य सांगा. हा वाण तिथल्या मळेवाल्यांनी दिवसभर शेतावरून फिरण्यासाठी जोपासला होता. लांब पावलांची, घसरत गेल्यासारखी, अंग न हलवणारी त्याची चाल हीच त्याची कीर्ती होती. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास प्रदर्शनांत पाय जितका उंच तितके बक्षीस मोठे, असे होत गेले. मग खुरांवरच्या कातडीला मोहरीच्या तेलासारखे किंवा रॉकेलसारखे जळजळणारे पदार्थ चोळून त्यावर साखळ्या बांधण्याची आणि खुरांखाली जाड थर ठोकण्याची वाट निघाली. पाऊल टेकवले की आग होते, म्हणून घोडा पाय छातीपर्यंत झटकतो आणि सगळे वजन मागच्या पायांवर घेऊन जवळजवळ बसून चालतो. हे थांबवण्यासाठी तिथे 1970 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यानंतर तपासनीस घोड्यांचे पाय चाचपू लागले, कातडीवरचे नमुने घेऊ लागले, तर काही जणांनी तपासणीच्या वेळी घोड्याने वेदना दाखवू नये म्हणून त्याला मार देऊन गप्प उभे राहायला शिकवले. ज्या चालीसाठी तो वाण नावाजला होता, तीच चाल प्रदर्शनाच्या मैदानातून हरवली. आपल्याकडे बक्षिसापायी रवाल चालीचे असे होऊ नये, यासाठी पंचांनी घोडा साखळीविना आणि ढिल्या लगामावर चालवून पाहण्याचा आग्रह धरावा, आणि मालकांनीही तशी मागणी करावी, असे माझे ठाम मत आहे.

पशुवैद्य_मोर्णाकाठ

वैरणीचा प्रश्न राहिला होता. भाऊ, हिरवी ज्वारी घोडीला अजिबात देऊ नका. बैल ती खातात म्हणून घोड्यालाही चालेल, असा समज आपल्याकडे आहे. परंतु हिरव्या ज्वारीतील सायनाइडयुक्त घटकांमुळे घोड्याच्या मज्जारज्जूला इजा होते, मागचे पाय डुलू लागतात आणि लघवी थेंब थेंब गळत राहते. एकदा मागचा भाग असा सैल झाला की तो बहुधा पूर्ववत होत नाही, आणि चालीसाठी घेतलेल्या घोडीचे याहून मोठे नुकसान नाही. चांगले वाळलेले गवत हा मुख्य आहार असावा, चंदी (दाण्याचा खुराक) बेताची, आणि सरकीची ढेप तिच्या तोबऱ्यात नको.

पुढचे वर्षभर तिला हाताने धरून चालवा, लांब दोरीवर दोन्ही बाजूंनी मोठ्या वर्तुळात फिरवा, कारण लहान वर्तुळ कोवळ्या सांध्यांना सोसत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात न नेता मुरमाड वाटेवर न्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ऊन चढण्याआधीच काम आटोपा. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर साळून घ्या. अधूनमधून कठीण, सपाट जमिनीवर सरळ रेषेत दुडकीने पळवून मानेकडे पाहा: पुढचा पाय दुखत असेल, तर तो टेकताना डोके वर जाते आणि निरोगी पाय टेकताना खाली येते. असे दिसले, तर त्या दिवसापासून काम बंद ठेवा.

घोडी यात्रेतून आली असल्यामुळे ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्ताची तपासणी करून घ्या, कारण हा रोग माणसालाही होतो. धनुर्वाताची लसही चुकवू नका. तालुक्याच्या दवाखान्यात घोड्यांची सवय नसेल, तर नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या पदव्युत्तर संस्थेत तिला दाखवता येईल. येताना मघाशी सांगितलेले मोकळ्या चालीचे चित्रण सोबत आणा, म्हणजे पुढे स्वारी सुरू केल्यावर चालीत फरक पडला का, हे ताडून पाहता येईल.