रस्टमधलं 'बॉरो' म्हणजे उसनं, उधार की आणखी काही?

प्रश्न

सी थोडंफार येतं, पायथन रोजचंच आहे, आता रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतलीय. कार्गो न्यू, कार्गो रन (नवा प्रोजेक्ट बनवणं, चालवणं) इथपर्यंत मजेत चाललं होतं, मग ओनरशिप, मूव्ह, बॉरो, लाइफटाइम ही सगळी मंडळी एकदम अंगावर आली. 'ए' नावाच्या व्हेरिएबलमध्ये एक स्ट्रिंग ठेवली, पुढच्या ओळीत लेट बी = ए केलं आणि मग ए प्रिंट करायला गेलो तर एरर ई०३८२, 'बॉरो ऑफ मूव्ह्ड व्हॅल्यू'. मी बॉरो कुठे केलं, नुसतं प्रिंट तर केलं! आणि स्ट्रिंगच्या जागी ५ हा आकडा ठेवला तर तोच कोड गुपचूप चालतो. या शब्दांचे नेमके अर्थ काय घ्यायचे? डिक्शनरीत बॉरो म्हणजे उसने घेणे दिलंय, त्याने काही उजेड पडला नाही.

प्रतिसाद १

आधी मूव्ह बघा, कारण घोटाळा तिथेच आहे. मूव्ह म्हणजे 'हलवणं' असं डोक्यात धरलं की वाटतं स्ट्रिंग उचलून दुसरीकडे ठेवली, पण तसं काही होत नाही. स्ट्रिंगमधली अक्षरं हीपवर (गरजेप्रमाणे मागून घेतलेल्या मेमरीत) असतात ती जागची हलत नाहीत, स्टॅकवर (फंक्शनच्या स्वतःच्या मेमरीत) असतो फक्त पॉइंटर (त्या जागेचा पत्ता), लांबी आणि कपॅसिटी (किती मावेल ते), म्हणजे ६४ बिट मशीनवर २४ बाइट, आणि बीकडे गेले ते तेवढेच. आता दोघांनाही मालक मानलं तर स्कोप (व्हेरिएबलची हद्द) संपताना दोघंही तीच मेमरी फ्री करणार, म्हणून कंपायलर एचं नाव वापरातून बाद करतो. त्यामुळे मूव्हला 'मालकी जाणं' म्हणा. ५ या आकड्याला हीपवर काही नाहीच, फ्री करायचं काही नाही, तो कॉपी टाइप आहे, म्हणजे त्याची सरळ नक्कल होते, म्हणून तिथे दोघंही सुखात.

आणि प्रिंट करताना बॉरो कुठून आलं, तर प्रिंटएलएन हा मॅक्रो आहे, तुम्ही दिलेल्या व्हॅल्यूचा रेफरन्स (मालकी न घेता नुसता पत्ता) तो स्वतःच घेतो, आणि रेफरन्स घेणं म्हणजेच बॉरो. तुम्ही लिहिलं नाहीत तरी बॉरो झालंच.

प्रतिसाद २

उसनं हा शब्द इथे बसतच नाही हो. शंभर रुपये उसने घेतले तर शंभर परत करायचे, पण त्याच नोटा नाही, त्या तर खर्च झालेल्या असतात. उधार म्हणजे माल आत्ता आणि पैसे नंतर, त्यात वस्तूची मालकी तर बदलूनच जाते, म्हणजे रस्टच्या बरोबर उलटं. शेजारून शिडी आणतो तेव्हा आपण 'मागून आणली' म्हणतो, तीच शिडी, मालक तोच, आपण फक्त वापरणार. बॉरोला सगळ्यात जवळचं तेच, वापरायला घेणं. तेही पूर्ण जुळत नाही म्हणा, कारण 'परत करणं' अशी वेगळी क्रिया रस्टमध्ये नाहीच. रेफरन्सचा शेवटचा वापर झाला की बॉरो आपोआप संपलं. पूर्वी ते ब्लॉकच्या कंसापर्यंत लांबायचं, २०१८ च्या एडिशनपासून (भाषेच्या आवृत्तीपासून) ही सुधारणा आली.

प्रतिसाद ३

माझं मत वेगळं, भाषांतर करूच नका, एरर मेसेज सर्च करताना बॉरो हाच शब्द लागणार आहे. पण 'म्यूट'बद्दल मात्र नीट समजून घ्या, कारण तिथे मूळ शब्दच फसवा आहे. लेट म्यूट म्हणजे हे व्हेरिएबल बदलता येईल, ठीक. पण अँपरसँड (&) म्यूट म्हणजे नुसतं 'बदलता येणारा रेफरन्स' नव्हे, तो जिवंत असेपर्यंत त्या व्हॅल्यूकडे दुसऱ्या कोणी बघायचंसुद्धा नाही. मी तो मनात 'एकट्याचा' असाच वाचतो आणि साधा अँपरसँड 'सामायिक' असा.

करून बघा: एक व्हेक्टर (वाढवता येणारी यादी) घ्या, त्याच्या पहिल्या घटकाचा रेफरन्स धरून ठेवा, मग व्हेक्टरमध्ये पुश करा आणि त्यानंतर तो रेफरन्स प्रिंट करा. ई०५०२ येणार. नवशिक्याला वाटतं की मी शेवटी एक भर घातली, पहिल्याला हातही लावला नाही, मग काय बिघडलं? तर कपॅसिटी भरलेली असली की पुश नवी मोठी जागा घेतो, सगळं तिकडे नेतो आणि जुनी जागा सोडून देतो, मग तुमचा रेफरन्स बघणार कुठे? सी प्लस प्लसमध्ये हाच कोड बिनबोभाट कंपाइल होतो आणि कधीतरी भलतंच काहीतरी छापतो.

प्रश्नकर्ता

व्हेक्टरचं करून बघितलं, तसंच झालं! आता लाइफटाइम, म्हणजे रेफरन्स कुठवर खरा धरायचा ते. दोन स्ट्रिंग स्लाइस (स्ट्रिंगच्या तुकड्यांचे रेफरन्स) घेऊन त्यातली लांब असेल ती परत देणारं फंक्शन लिहिलं तर ई०१०६ (लाइफटाइम लिहिलेला नाही) आला, टिक ए ('a, लाइफटाइमचं नाव) घातल्यावर गेला. म्हणजे मी त्यांना आयुष्य दिलं का?

प्रतिसाद २

नाही, आणि म्हणूनच मला तिथे 'आयुष्य'पेक्षा 'हयात' बरा वाटतो. हयातीचा दाखला दिल्याने कोणी जास्त जगत नाही, टिक एचं तेच. तुम्ही फक्त एवढं सांगितलंत की परत येणारा रेफरन्स या दोन्हींपैकी जो आधी संपेल तेवढ्यापुरताच खरा धरावा. त्यापलीकडे वापरलात तर फंक्शन बोलावलंय तिथे ई०५९७ (व्हॅल्यू पुरेशी टिकत नाही) मिळेल. फंक्शन एकच रेफरन्स घेत असेल तर बहुतेक वेळा हे लिहावंही लागत नाही, कंपायलर गृहीत धरतो.

प्रतिसाद १

आणि प्रत्येक एररवर क्लोन (व्हॅल्यूची वेगळी प्रत) चिकटवत सुटू नका असं सगळे सांगतात, मी म्हणतो सुरुवातीला खुशाल चिकटवा, प्रोग्राम चालू तर होऊ दे, नंतर एकेक काढून बघा कुठे नुसत्या रेफरन्सवर भागतं. एरर कळला नाही तर रस्टसी डॅश डॅश एक्सप्लेन आणि पुढे एररचा कोड टाका, छोट्या उदाहरणासकट माहिती येते.

प्रतिसाद ३

थोडं अवांतर, शब्दांचाच विषय आहे म्हणून. रस्ट म्हणजे गंज असं समजून लोक लोखंडावरचे विनोद करतात, पण ग्रेडन होअरने २००६ मध्ये ही भाषा सुरू केली तेव्हा नाव घेतलं ते रस्ट नावाच्या बुरशीवरून. म्हणजे आपल्याकडे गव्हावर पडतो तो तांबेरा.

प्रश्नकर्ता

हे माहीतच नव्हतं. असो, सध्या तीन क्लोन चिकटवून प्रोग्राम चालू केलाय, आता काढायला बसतो.