विममधला मोठा वाय: सुधारायचा की राहू द्यायचा?

रिकामी_ओळ (धागाकर्ता):
विम हा टेक्स्ट एडिटर शिकवताना मी पोरांना सांगतो, पाठ करू नका, नियम धरा. डी खोडतो, सी बदलतो, वाय कॉपी करतो. तेच अक्षर दोनदा दाबलं की अख्खी ओळ. मोठं (कॅपिटल) अक्षर दाबलं की कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंत. मोठा डी असाच चालतो, मोठा सीसुद्धा. मग पोरं मोठा वाय दाबतात आणि अख्खी ओळ कॉपी होते! त्यासाठी वाय-वाय आहेच की. शेवटापर्यंतचा अर्थच जास्त तर्काला धरून आहे, पण विमचा पूर्वज असलेल्या जुन्या व्हीआयशी जुळत नाही, अशी कबुली खुद्द विमच्या मदतपानात आहे. विममधूनच फुटून निघालेल्या निओविमने २०२१ मध्ये, ०.६ आवृत्तीत, हे बदललं. विमनेही बदलावं.

जुनं_खोड:
साफ असहमत. व्हीआय १९७६ पासूनचं. बोटांना लागलेली सवय आवृत्ती बघून बदलत नाही. मी रोज चार-पाच सर्व्हरवर फिरतो, जिथे जे असेल ते वापरतो. आता एकीकडे मोठा वाय अर्धी ओळ उचलणार, दुसरीकडे पूर्ण. तुमची सुसंगती ती माझी डोकेदुखी. शिवाय तुमचा नियम तरी कुठे पक्का आहे? मोठा एस दाबून बघा, सी-सीसारखा अख्खी ओळ बदलतो. ज्याला खटकतं त्याने आपल्या विमआरसीत, म्हणजे सेटिंगच्या फाइलीत, एक ओळ टाकावी.

कंसातली:
तुम्ही अक्षरांवर भांडताय, शब्दांचा घोळ त्याहून मोठा आहे. विममध्ये 'यँक' म्हणजे कॉपी, ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरमध्ये 'यँक' म्हणजे पेस्ट. मी दोन्ही वापरते, माझे हाल विचारू नका. पण ईमॅक्सला आतल्या आत शिस्त आहे. 'किल' केलेला, म्हणजे कापलेला, मजकूर किल रिंग नावाच्या साठ्यात जातो, परत आणता येतो. 'डिलीट' केलेला तिथे जात नाही.

जुनं_खोड:
शिस्त? तुमच्याकडे कॉपीचं नाव 'किल-रिंग-सेव्ह'. कोणालाही न मारता किल! आणि फाइल उघडायला 'फाइंड-फाइल'.

कंसातली:
फाइंड-फाइलवर माझ्याकडे उत्तर नाही.

अर्धविराम:
जरा विषयांतर. विमची वाक्यरचनाच इंग्रजी आहे: 'खोड शब्द'. काकून आणि हेलिक्स या एडिटरांमध्ये आधी शब्द निवडायचा, मग डी. 'शब्द खोड', अगदी आपल्यासारखं. काय खोडलं जाणार ते खोडण्याआधी दिसतं, म्हणून अपवादही कमी टोचतात.

जुनं_खोड:
धागाकर्त्याला एकच प्रश्न. डी-डब्ल्यू शब्दाबरोबर पुढची मोकळी जागाही खातो. सी-डब्ल्यू ती सोडतो. नियमाने हेही चूकच. बदलायचं?

रिकामी_ओळ:
नाही हो, सी-डब्ल्यूला हात लावू नका. दिवसभर तेच दाबत असतो.

जुनं_खोड:
मग मी मोठ्या वायबद्दल वेगळं काय म्हणतोय?

रिकामी_ओळ:
सापडलो खरा. पण सी-डब्ल्यूचा अपवाद कामाचा आहे. शब्द बदलताना पुढची जागा कोणाला उडवायची असते? मोठ्या वायचा फायदा काय, ते सांगा.

जुनं_खोड:
एक कळ वाचते.

कंसातली:
शिफ्ट धरली का मोजताना?