मदत हवी आहे: पेडल स्टील गिटारच्या कीज (तारा आवळायच्या खुंट्या) फार जड फिरताहेत (नागपूर)

मंडळी, नमस्कार.

माझे मामा गेले त्याला येत्या फाल्गुनात वर्ष होईल. नोकरीनिमित्त ते बरीच वर्षं अमेरिकेत होते. परतताना पेडल स्टील गिटार घेऊन आले आणि धरमपेठेतल्या घरी रोज संध्याकाळी वाजवायचे. मामींनी आता ती मला दिली आहे. मी कॉलेजपासून हवाइयन गिटार वाजवतो, मांडीवर घ्यायची, सहा तारांची. हे वाद्य त्याच घराण्यातलं असलं तरी यंत्रच आहे: दहा तारा, तीन पेडल, गुडघ्याने ढकलायचे चार लिव्हर आणि पोटाखाली सळयांचं जाळं. नागपुरात ते वाजवणारं दुसरं कोणी माझ्या माहितीत नाही, म्हणून इथे विचारतो आहे.

वाद्य इ नाइन्थ ट्युनिंगचं आहे (तारा स्वरात जुळवायची एक ठरलेली पद्धत). तिसरी, चौथी आणि आठवी, या तीन तारांच्या कीज अतिशय घट्ट झाल्या आहेत. आठवी तर दोन बोटांनी हलतच नाही. काल नाइलाजाने पक्कड लावली. तिसरीचं दुखणं वेगळं वाटतं: की फिरवत राहतो, स्वर जागचा हलत नाही, आणि मग ‘टिक्’ असा आवाज होऊन एकदम पुढे उडी मारतो. असं करताना दोनदा तार तुटली. दहा तारांचा संच बाहेरून मागवावा लागतो, त्यामुळे प्रत्येक तुटलेली तार जिवाला लागते.

वाद्य गेला अख्खा उन्हाळा हॉलमध्ये कूलरसमोर उभं होतं. सध्या थंडीत सकाळी कीज जास्त जड लागतात, दुपारी ऊन आलं की जराशा सैलावतात. तेल सोडू का? कोणतं? वर्षश्राद्धाला मामांच्या आवडीची एक धून त्यांच्याच गिटारवर वाजवायची आहे.

प्रतिसाद:

आधी ती पक्कड ठेवून द्या. कीचा दांडा बारीक असतो, एकदा वाकला की सरळ होत नाही.

तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून दोन वेगळे रोग दिसताहेत. एक तार पूर्ण सैल करा, कीवरून काढा आणि रिकामी की फिरवून बघा. तरीही जड असेल तर दोष कीमध्ये. रिकामी असताना लोण्यासारखी फिरली तर की निर्दोष आहे आणि तार दुसरीकडे कुठेतरी अडते आहे.

तिसरीची ‘टिक्’ आणि उडी ही जवळपास नक्की नटवरची, म्हणजे कीजच्या बाजूला तारा जिथे टेकतात तिथली अडचण. पेडल स्टीलमध्ये साध्या गिटारसारखी हाडाची खाच नसते, प्रत्येक तारेखाली फिरणारी छोटी चाकं, म्हणजे रोलर असतात. पेडल दाबलं की तार सरकते आणि तिच्याबरोबर रोलर फिरतो. कूलरच्या ओलीने तो गंजला की तार त्यावर चिकटते, ताण साचतो आणि मग एकदम सुटते. इ नाइन्थमध्ये तिसरी तार सगळ्यात उंच स्वराची, जी शार्प, आणि बहुधा फक्त अकरा थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ताण साचला की सगळ्यात आधी तीच तुटणार. खात्री करायची तर बी पेडल (तिनांतलं मधलं) दाबा, जी शार्पचा ए होईल. सोडल्यावर स्वर नेमका जागेवर परत येतो का ते ट्युनरवर पाहा. स्वर बदललेला दिसला तर दोष रोलरचाच.

रोलर काढताना क्रम मोडू देऊ नका. बऱ्याच वाद्यांत त्यांची खाच तारेच्या जाडीप्रमाणे कमीजास्त असते. मी जुन्या चहाच्या ट्रेमध्ये कागदावर आकडे लिहून त्यावर ठेवतो. रॉकेलने पुसा, पूर्ण वाळू द्या, आतल्या आसावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. लाकडाच्या पॉलिशला रॉकेल लागू देऊ नका.

आठवीसाठी, कीच्या मुठीच्या टोकाला स्क्रू असतो. कोणीतरी तो फार आवळला असेल. पाव फेरा सैल करून बघा. सकाळी जड आणि दुपारी हलकी, याचा अर्थ आतलं जुनं ग्रीस घट्ट झालंय. उघड्या दातांची की असेल तर ब्रशने साफ करून थोडं पांढरं ग्रीस. बंद डब्बीची असेल तर फोडू नका, उन्हात तासभर ठेवून तार न लावता दोन्ही बाजूंना फिरवत राहा.

आणि एक. उजव्या टोकाच्या पट्टीवर नायलॉनचे नट (फिरवायचे, वरच्या नटाशी संबंध नाही) दिसतील, त्यांना या भानगडीत हात लावू नका. ते पेडल आणि लिव्हरच्या स्वरांसाठी आहेत, मोकळ्या तारेसाठी नाहीत. मामांनी जुळवलेलं सगळं एका संध्याकाळी विस्कटेल.

धागाकर्ता:

काका, तुमचं निदान बरोबर निघालं. रविवारी दुपारी गच्चीवर बसलो. तिसरी आणि चौथीचे रोलर हिरवट काळ्या मळाने जाम होते, चौथीचा तर आसावर अक्षरशः बसला होता. साफ केल्यावर तिसरी अशी सरळ चढली की मीच थांबून पुन्हा उतरवून पाहिली. बी पेडल सोडल्यावर जी शार्प जागेवर येतो. नायलॉनच्या नटांना हात लावला नाही.

आठवीचा स्क्रू खरंच आवळलेला होता. सैल केल्यावर बरीच हलकी झाली, पण फिरवताना मूठ डुगडुगते, प्रत्येक फेऱ्यात एका ठिकाणी अडते. दांडा किंचित वाकला आहे, माझ्या पकडीनेच. याचं फार वाईट वाटतंय.

वाद्य कूलरपासून आतल्या खोलीत हलवलं आहे, वर जुनं सुती लुगडं घातलंय.

आता पुढची मदत हवी. ही वाजवणाऱ्याच्या बाजूच्या रांगेतली की आहे, म्हणजे समोरच्या रांगेची चालणार नाही. बंद डब्बीची आहे, एका स्क्रूने बसवलेली. इलेक्ट्रिक गिटारची सुटी की इथे बसेल का? बसवायची तर दांड्याची लांबी आणि भोकाचा व्यास सोडून आणखी काय मोजून घेऊ? इतवारी किंवा सीताबर्डीत जुन्या वाद्यांचं काम करणारं कोणी ठाऊक असेल तर तेही सांगा. नवं भोक पाडायची माझी अजिबात इच्छा नाही.