पिकअप घाटात चालता चालता बंद पडते, नुसता हाय प्रेशर पंप बदलून भागेल का?

नारायणगाव_पिकअप:

गाडी बीएस६ पिकअप, अडीच लिटर कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून डिझेल), १ लाख ४० हजार किमी चाललेली. टोमॅटोचे क्रेट घेऊन आळेफाटा, माळशेजमार्गे वाशीला जाते. चढाला लोडवर आधी दम सोडते, इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी बंद. दहा-पंधरा मिनिटं उभी केली की चालू होते, सपाटीला काहीच तक्रार नाही. आता मात्र घाट उतरतानाही बंद पडली. स्टेअरिंग जड झालं, दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक पेडल दगडासारखं कडक.

स्कॅनरला पी ००८७ हा एरर कोड आला, म्हणजे रेल प्रेशर कमी. गॅरेजवाले म्हणतात हाय प्रेशर पंप गेला, तेवढा बदलू. खर्च मोठा आहे म्हणून विचारतो: नक्की पंपच का? आणि उतारावर इंजिन बंद पडलं तर ड्रायव्हरनं करायचं काय?

डिझेल_मिस्त्री_संगमनेर:

दादा, पंपाची ऑर्डर थांबवा. पी ००८७ एवढंच सांगतो की ईसीयूनं (इंजिनच्या कॉम्प्युटरनं) मागितलं तेवढं प्रेशर रेलमध्ये आलं नाही. ते पंपामुळे, तुंबलेल्या फिल्टरमुळे, सक्शन लाईननं हवा धरल्यामुळे, मीटरिंग युनिट (पंपात किती डिझेल जाऊ द्यायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह) अडकल्यामुळे किंवा इंजेक्टर रिटर्नला (टाकीत परत जाणाऱ्या लाईनला) जास्त डिझेल सोडत असल्यामुळेही येऊ शकतं. तुमच्या लक्षणात एक गोष्ट महत्त्वाची आहे. उभी केल्यावर आपोआप चालू होते. झिजलेला पंप विश्रांती घेऊन बरा होत नाही. टाकीतल्या जाळीला कचरा चिकटला असेल तर मात्र असंच होतं: लोडवर ओढ वाढते, कचरा जाळीवर बसतो, इंजिन बंद झालं की सुटून खाली जातो. त्यामुळे टाकीकडून सुरुवात करा आणि पुढे सरकत पंपापर्यंत या.

१. बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली तर टाकीचा श्वास बंद आहे, व्हेंट साफ करा.

२. फिल्टरच्या तळाचा ड्रेन सोडून पाव लिटरभर डिझेल काचेच्या स्वच्छ बरणीत घ्या आणि अर्धा तास हलवू नका. पाणी खाली बसतं, मधली रेघ स्पष्ट दिसते. पाण्याचा दिवा लागला नाही म्हणजे पाणी नाही असं धरू नका, सेन्सरही खराब होतात.

३. टाकी ते फिल्टर या लाईनमध्ये फूटभर पारदर्शक पाईप तात्पुरता जोडा. इंजिन चालू असताना सतत बुडबुडे दिसले तर हवा धरतेय. फिल्टरची रबरी रिंग, हातपंपाचा फुगा, जुन्या पाईपांच्या क्लिपा इथेच बहुतेक वेळा सापडतं.

४. आता निर्णायक तपासणी. पंपावरचं मीटरिंग युनिट काढा, त्याची बारीक जाळी पांढऱ्या कपड्यावर झटका आणि उन्हात बघा. चंदेरी चमकी (धातूचा चुरा) दिसली तर पंप आतून कुरतडला गेलाय. जाळी स्वच्छ असेल तर पंप वाचण्याची चांगली शक्यता आहे. काढण्याआधी पंपाचा भाग डिझेल आणि ब्रशनं धुवा, उघडी तोंडं लगेच टोपीनं झाका. धुळीचा कणसुद्धा इंजेक्टरला पुरतो.

५. इंजेक्टर रिटर्नला चार सारख्या बाटल्या लावून इंजिन मिनिटभर आयडलवर चालवा. एक बाटली बाकीच्यांपेक्षा झपाट्यानं भरत असेल तर तो इंजेक्टर गळतोय.

स्कॅनरवर लाईव्ह डेटा लावूनच चढावर गाडी न्या. आयडलला साधारण २५० ते ३०० बार असतात, लोडला दीड हजाराच्या आसपास किंवा वर. मागणी आणि प्रत्यक्ष प्रेशर यात लोडवर फट पडायला लागली की तिथेच दोष पकडता येतो.

चमकी निघाली तर मात्र नुसता पंप बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. पंपातलं जास्तीचं डिझेल रिटर्ननं टाकीत जातं, म्हणजे चुराही टाकीत जातो आणि इंजेक्टरमध्येही. मग पंप, चारही इंजेक्टर, रेल, हाय प्रेशर पाईप, फिल्टर हे सगळं बदलावं लागतं, टाकी उतरवून धुवावी लागते, रिटर्न लाईन फुंकून साफ करावी लागते. यातलं एक टाळलं की नवा पंप त्याच चुऱ्यानं जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या गाडीसारखी इंजेक्टरचा नट ढिला करून हवा काढायची नाही. इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाईपला पाना लावायचाच नाही. हजार-दीड हजार बारची धार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदून आत जाते. वरून टोचल्याएवढी खूण दिसते, आत डिझेल पसरतं आणि काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असं झालं तर वेदना नसली तरी थेट मोठ्या रुग्णालयात, ‘डिझेल आत गेलंय’ असं सांगून. गळती शोधायला हात नाही, पुठ्ठा फिरवायचा. बंद केल्यावरही पाच मिनिटं थांबून मगच नट सोडायचे.

घाटवाला_कल्याण:

ब्रेकबद्दल लिहितो. डिझेल इंजिनात ब्रेक बूस्टरसाठी (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागासाठी) वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, तो इंजिनवर फिरतो. इंजिन थांबलं की बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन दाब मिळतात, नंतर पेडल कडक होतं. ब्रेक तेव्हाही लागतात, फक्त जोर कित्येक पट लागतो. घाबरून पेडल पंप केलं की साठा तिथेच संपतो. एकदा दाबायचं आणि दाबून धरायचं.

दुसरं, क्लच दाबू नका आणि न्यूट्रल करू नका. डिझेल तुटल्यामुळे इंजिन बंद पडलं असेल तर गिअरमध्ये असेपर्यंत चाकं इंजिनाला फिरवत राहतात. म्हणजे व्हॅक्यूम पंपही फिरतो, स्टेअरिंगचा पंपही फिरतो, वर इंजिनाची रोखही मिळते. वेग कमी होईल तसा डोंगराच्या बाजूला घ्यायची, दरीच्या नाही. चावी काढायची नाही, स्टेअरिंग लॉक होतं. थांबल्यावर पहिला गिअर किंवा रिव्हर्स, हँडब्रेक, चाकांखाली दगड. त्रिकोण मागे किमान ५० मीटरवर, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. आणि निघताना तो दगड रस्त्यातून उचलून टाका, मागून दुचाकी येते.

बूस्टर तपासायला गॅरेज लागत नाही. इंजिन बंद ठेवून पाच वेळा पेडल दाबा, कडक होईल. दाबून धरूनच इंजिन चालू करा, पेडल थोडं खाली बसलं पाहिजे. मग बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा दाबा: पहिले दोन दाब मऊ लागले पाहिजेत. पहिलाच कडक लागला तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा बूस्टरचा पडदा हवा सोडतोय. अशा गाडीला इंजिन गेल्यावर एकही मऊ दाब मिळणार नाही.

बोअर_आणि_पिस्टन:

वरच्या सल्ल्याला एक अपवाद जोडा. ऑईलचा दिवा लागला, ठकठक आवाज आला, तापमान वर गेलं आणि मग गाडी अडखळत ओढायला लागली तर ते डिझेल तुटणं नाही, इंजिन जाम होतंय. तिथे क्लच लगेच दाबायचा, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन लोडसकट गाडी आडवी होते.

बीएस६ला आणखी एक बघत जा. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साठलेली काजळी जाळून साफ होताना, म्हणजे रीजनरेशनमध्ये, जादा डिझेल फवारलं जातं. दरवेळी रीजनरेशन अर्धवट तुटलं तर त्यातलं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑईल कमी झालंय का हे सगळे बघतात, वाढलंय का ते कोणी बघत नाही. वरच्या खुणेच्या वर गेलं आणि डिझेलचा वास आला तर ऑईल लगेच बदला. पातळ झालेलं ऑईल बेअरिंग खातं, आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या बाजूला) गेलं तर इंजिन त्याच ऑईलवर पळायला लागतं. मग चावी बंद करून उपयोग नाही. गाडी उभी असेल तर वरचा गिअर, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडायचा, इंजिन घुसमटून थांबतं. ते जमलं नाही तर जाड फळीनं इनटेक बंद करायचा, हातानं किंवा फडक्यानं कधीच नाही. तेही शक्य नसेल तर लांब पळा, इंजिनचे तुकडे उडू शकतात.

रीजनरेशन चालू असताना डीपीएफमध्ये ६०० अंशांच्या आसपास उष्णता असते. उसाच्या पाचटावर किंवा वाळल्या गवतावर गाडी लावू नका.

नारायणगाव_पिकअप:

सांगितल्याप्रमाणे केलं. बरणीत तळाला दोन बोटं पाणी. मीटरिंग युनिटची जाळी स्वच्छ, चमकी नाही. टाकीतली जाळी काळ्या बुळबुळीत थरानं भरलेली आहे. हा काय प्रकार? आणि आता दुसऱ्या मेकॅनिकनं सांगितलं, दर टाकीला २०० मिली टू-टी ऑईल (टू-स्ट्रोक गाड्यांचं) घाला, पंप टिकतो.

डिझेल_मिस्त्री_संगमनेर:

पंप वाचला म्हणायचा. तो काळा थर म्हणजे जिवाणू आणि बुरशी. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर ते वाढतात. नुसती जाळी धुतलीत तर महिन्याभरात परत भरेल. टाकी उतरवा, सगळं डिझेल काढा (ते परत वापरू नका), आतून घासून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. दोन्ही लाईन फुंका. नवा फिल्टर लावा आणि ५०० किमीनंतर तोही बदला, कारण उरलेला गाळ त्यात येतोच.

पाणी आलं कुठून ते शोधलंत तरच हे टिकेल. झाकणाचं वॉशर, गाडी धुताना भरण्याच्या तोंडावर मारलेलं प्रेशर, उघड्यावरचे कॅन, आणि पावसाळ्यात रात्रभर पाव टाकीवर उभी गाडी. संध्याकाळी टाकी भरून लावा. रस्त्याकडेला ‘बायोडिझेल’ म्हणून मिळणारं स्वस्त तेल घालू नका. पंपातले रोलर आणि प्लंजर यांना वंगण फक्त डिझेलचंच असतं, वेगळं ऑईल नाही. बीएस६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमपर्यंत खाली आणलंय, त्या प्रक्रियेत नैसर्गिक वंगणही जातं, म्हणून रिफायनरीत ते वरून मिसळतात. रॉकेल किंवा पाणी आलं की तो पातळ थर तुटतो. टू-टी ऑईल घालू नका, त्याची राख डीपीएफमध्ये साठते आणि ती रीजनरेशननं जळत नाही.

हा धोका अमेरिकेतही ओळखलेला आहे. राम पिकअपच्या २०१९ आणि २०२० च्या मॉडेलमधले २ लाखांहून जास्त डिझेल ट्रक २०२१ मध्ये हाय प्रेशर पंपासाठी परत बोलावले गेले. कारण हेच, पंप आतून निकामी झाला की चालत्या गाडीचं इंजिन बंद पडू शकतं.

जोडताना हातपंपाचा फुगा कडक होईपर्यंत दाबा. चावी ऑन करून अर्धा मिनिट थांबा, मग सेल्फ मारा. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये मिनिटभर थांबा. कोरडा पंप फिरवला तर आत्ता नाही ती चमकी तेव्हा तयार होईल. चालू झाल्यावर रिकाम्या गाडीनं एक चढ घ्या, स्कॅनर लावूनच, आणि मागणी व प्रत्यक्ष प्रेशरचे आकडे इथे टाका.