इस्रायलहून येणाऱ्या मुलांना अलिबाग दाखवायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्याचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. माझी भाची जानेवारीत इस्रायलमधल्या अश्दोदहून वीसेक जणांचा ग्रुप घेऊन येतेय. सगळी विशी-पंचविशीतली, आडनावं झिराडकर, पेणकर, रोहेकर. मराठी मात्र आजीकडून ऐकलेली, तेवढीच. आपापलं गाव बघायचंय त्यांना.

मुंबईत मशीद बंदरचं १७९६ चं शार हारहमीम सिनेगॉग दाखवू, तिथे अडचण नाही. प्रश्न अलिबागचा आहे. गेटवेहून लाँचने मांडवा, मग नवगावचं जुनं कब्रस्तान (पूर्वजांचं गलबत तिथेच फुटलं असं आपण मानतो), अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याचा एलियाहू हनाबीचा टापा (प्रेषित एलियाची खूण मानला जाणारा खडक). शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोचायलाच हवं, शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, त्यामुळे गाडी नाही. म्हणून सिनेगॉगपर्यंत चालत जाता येईल असं साधं लॉज कुणाला माहीत आहे का? बीचवरचे रिसॉर्ट नकोत, ते सांगणारे ढीगभर आहेत.

दुसरं, टाप्यावर मलिदा (एलियाहू हनाबीच्या नावाने प्रार्थना करून वाटायचा प्रसाद) करायचाय. पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं आम्ही आणू, पण नवस-मलिद्याची रीत माहीत असलेलं तिथलं कुणी वडीलधारं भेटलं तर फार बरं.

आणि कुणाच्या गावात तेलाचा जुना घाणा अजून फिरताना दिसतो का? आपले पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे, हे पोरं वाचून येणार, आणि मी दाखवणार मॉलमधली तेलाची बाटली! रेवदंडा, रोहा, पेण, कुठलंही चालेल.

फोन नंबर इथे टाकू नका, मेसेज करा.